उष्टावणाचं आवतण

१

आमच्या ईट गावात स्कुटी चालवणाऱ्या बाया आता बऱ्याच झाल्यात. पण गिअरची मोटारसायकल, तीही दोन्ही अंगांना खव्याचे डबे बांधून चालवणारी मी एकटीच. हे मी मिरवायला सांगत नाही. खरं म्हणजे थोडं मिरवायलाही सांगते. सातवीनंतर शाळा सुटली, पुढं लग्न झालं, आणि त्यानंतर पहिल्यांदा एक गोष्ट अशी सापडली की जी नवऱ्यापेक्षा मला बरी जमते.

रणधीरची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, खव्याची भट्टी आहे. दूध एकदा कढईत पडलं की आटेपर्यंत त्याला हात थांबवता येत नाही. खवा झाला की तो ताजा पोचवायला दुसरं माणूस लागतं. आधी ठेवलेला गडी डबे उन्हात ठेवून चहाच्या टपरीवर बसायचा. म्हणून मी म्हणाले, मला शिकवा गाडी. सासू कडूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, त्या चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, "पडलीस तर दात पाडून घेऊ नकोस, माझा नातू भिईल." म्हणजे परवानगी मिळाली.

नातू म्हणजे आमचा रुद्रेश. तेव्हा तो नुकता पालथा पडायला लागला होता. त्याची टाळू अजून भरली नव्हती. झोपलेला असला की त्या मऊ जागेवर आतून काहीतरी लपलप हलायचं, आणि मी तिथंच बघत बसायचे. मी भित्री आहे. गाडीवर बसायच्या आधी त्याच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायचे, मग किक मारायचे, आणि कोपऱ्यावरून एकदा तरी परत येऊन बघून जायचे. रणधीर म्हणायचा, तुझं निम्मं पेट्रोल कोपऱ्यावरच जातं.

गिऱ्हाईकं फोनवर ठिकाण पाठवायची. गाडी चालवता चालवता फोन बघण्यात मी एकदा रस्त्याकडेच्या चारीत गेले, डब्यांसकट. तेव्हा रणधीरनं ते हेल्मेट आणलं. आत कानापाशी दोन चपटे स्पीकर, तोंडापाशी बोटाएवढा माईक. फोन खिशात ठेवायचा, आणि रस्ता सांगणारी बाई थेट कानात बोलते. शुद्ध मराठी, गोड आवाज. "पुढे उजवीकडे वळा." मी मोठ्यानं म्हणायचे, "व्हय बाई, वळते." एकटीनं हसायचे. जोंधळ्याच्या रानातनं गाडी सुसाट जायची, थंडगार वारा छातीवर यायचा, आणि कानात एक बाई मला वाट दाखवत असायची. इतकं बरं मला माहेरी गेल्यावरही वाटलं नव्हतं.

२

भूमचा रस्ता मला पाठ आहे. त्या दिवशी मॅप लावायची गरजच नव्हती, सवय म्हणून लावला होता. गाव सोडून थोडं पुढं गेले असेन, तोच ती बाई म्हणाली, "मागे वळा."

मला वाटलं रस्त्याचं काम काढलं असेल. पण समोर रस्ता मोकळा होता, एस.टी. सुद्धा येताना दिसत होती. मी तशीच पुढं गेले. ती परत म्हणाली, "मागे वळा." आवाज तोच, पण शब्दांच्या मधली जागा कमी झाली होती. घाईत असलेलं माणूस बोलतं तसं. का कोण जाणे, मी वळले. घरी आले तर आत्या बाहेर शेजारच्या म्हाळसाबाईंशी हरभऱ्याची भाजी निवडत बसलेल्या, आणि आत रुद्रेशनं गोधडी तोंडावर ओढून घेतलेली. आतून रडण्याचा आवाज येत होता, पण लांबून आल्यासारखा. गोधडी काढली तर तोंड लालबुंद झालेलं. मला बघून पोरगं हसलं.

मी रणधीरला सांगितलं. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला की रेंज गेली की मॅप असाच बरळतो. त्याचं खरं असेल. पण नंतर दुसऱ्यांदा झालं. मग अजून झालं. प्रत्येक वेळी मी माघारी यायचे आणि प्रत्येक वेळी पोरगं नुकतं रडायला लागलेलं असायचं. एकदा पाळण्याची दोरी बोटात अडकली होती, एकदा नुसती भूक लागली होती.

खरं सांगते, मला भीती वाटली नाही. आनंदच झाला. मी बाहेर असताना त्याच्यावर कुणीतरी लक्ष ठेवतंय असं वाटायला लागलं. कोपऱ्यावरून परत येऊन बघायचं मी बंद केलं. गाडी जोरात मारायला लागले. ती बोलली नाही म्हणजे पोरगं ठीक आहे. एवढी काळजी माझ्या सख्ख्या बहिणीनं केली नसती. रणधीरसुद्धा म्हणाला, हल्ली तू गाणी म्हणतीस गं.

३

मग मला तिच्या मागचं ऐकू यायला लागलं.

रस्ता सांगणाऱ्या बाईचा आवाज कसा असतो, तिच्या मागं काहीच नसतं. कोऱ्या भिंतीसमोर बोलल्यासारखा. पण एक दिवस ती "सरळ जा" म्हणाली आणि बोलणं संपल्यावर आवाज लगेच बंद झाला नाही. जरा उघडाच राहिला, दार लोटायचं राहून जावं तसा. त्यातनं चूल फुरफुरल्याचं ऐकू आलं. ओलं लाकूड पेटताना करतं तसं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी पितळी भांडं जमिनीवर ठेवलं. आणि नंतर रोजच, कर्र, कर्र, पाळण्याच्या कडीचा आवाज. एकसारखा. घाई नाही, थांबणं नाही.

मी गाडी कडेला घेतली आणि ऐकत उभी राहिले. आमचा पाळणा स्प्रिंगचा आहे, तो असा वाजत नाही. मग हा कुणाचा? मी मलाच समजावलं की गाडीची चेन कोरडी पडली असेल, वाऱ्याचा आवाज काचेच्या फटीतनं येत असेल. पण गाडी बंद होती, आणि मी बाभळीखाली उभी होते, पानही हलत नव्हतं.

रणधीरला हेल्मेट घालायला दिलं. तो भट्टीसमोर हेल्मेट घालून उभा राहिला, घामाघूम. म्हणाला, "काय ऐकू? ती उजवीकडं वळ म्हणतीय. उजवीकडं कढई हाय." मी हसले. मला हसायला आलंच. पण त्यानं हेल्मेट काढून दिलं, मी कानाला लावलं, तर आत कडी वाजत होती.

ती खोली मला न बघता पाठ झाली. चूल डाव्या हाताला. पाळणा मधोमध. दार बहुतेक उघडं, कारण कधीकधी लांब पाखरं राखणारं कुणीतरी हाळी द्यायचं. पाळण्यात कोण आहे ते कधी ऐकू आलं नाही. मूल असतं तर केव्हातरी हूं की चूं केलं असतं. मला त्या रिकाम्या पाळण्याची कीव यायची. एवढं सांभाळणारी बाई, आणि हलवतीय काय तर रिकामा पाळणा.

४

रविवारी आत्या सोनारीला भैरवनाथाला गेल्या. रणधीर भट्टीवर. त्याच दिवशी फोनवर एक ऑर्डर आली. नाव नव्हतं, नुसतं ठिकाण, आणि खवा आजच पाहिजे एवढंच. मी रुद्रेशला ओढणीनं छातीशी बांधलं, डोक्यात टोपडं घातलं, त्यावरून कानपट्टी, आणि निघाले. माझ्याच डोक्यात तेवढं हेल्मेट. त्याचं डोकं माझ्या हनुवटीखाली, मऊ. पूर्ण रस्ता मी बैलगाडीच्या चालीनं गाडी चालवली, तरी आतनं मला उकळ्या फुटत होत्या. पोरगं पहिल्यांदा माझ्यासोबत गाडीवर होतं. मी त्याला सगळं दाखवत होते, हा ऊस, ही शेरडं, ही विहीर.

ती बाई त्या दिवशी लई सावकाश सांगत होती. वळण यायच्या कितीतरी आधी. खड्डा आला की आधीच म्हणायची, "सावकाश." असं मॅपवाली कधी म्हणते का, हे मला नंतर सुचलं. तेव्हा मी म्हणाले, व्हय बाई, लेकरू हाय.

डांबरी संपली, पांदीचा रस्ता लागला. दोन्ही बाजूंना जोंधळा हुरड्यात आलेला, माझ्या डोक्याच्या वर. मग एक घर. दगडी भिंती, वर पत्रे, अंगणात सडा टाकलेला आणि तो अजून ओला. दार उघडं. "तुम्ही पोहोचला आहात," ती म्हणाली.

मी हेल्मेट काढून आरशाला अडकवलं आणि हाळी दिली, "हाय का कुणी घरात?" कुणी बोललं नाही. वस्तीवरची माणसं रानात असतात, त्यात नवल नाही. मी डबा घेऊन दारापर्यंत गेले आणि थांबले.

चूल डाव्या हाताला होती. विझलेली नव्हती, ओलं लाकूड फुरफुरत होतं. मधोमध आढ्याला पाळणा टांगलेला, लाकडी, जुना, लोखंडी कडीचा. तो हलत होता. नुकतंच कुणीतरी झोका देऊन मागच्या दारानं गेलं असावं असा. मी मागचं दार शोधलं. त्या खोलीला मागचं दार नव्हतं.

चुलीच्या कडेला पितळी वाटी होती, आत तेल. कोमट असणार, कारण त्यावर हवा थरथरत होती.

मी उंबरा ओलांडला नाही. हे मी शपथेवर सांगते. डबा उंबऱ्याच्या आत ठेवायला वाकले तेवढीच. वाकताना रुद्रेशचं डोकं क्षणभर आत गेलं, एवढंच काय ते. तो हसला. माझ्याकडं बघून नाही, खोलीत बघून. मग मी डबा सोडला आणि चालत गाडीपर्यंत आले. पळाले नाही. पळावं असं काही झालंच नव्हतं की.

५

घरी आल्यावर टोपडं काढलं तर रुद्रेशची टाळू तेलानं चिंब होती.

वरचं टोपडं कोरडं. कानपट्टी कोरडी. त्याखाली टाळूच्या खळग्यात तेल, बोट बुडेल इतकं, आणि अजून कोमट. मी वास घेतला. आम्ही घरात खोबरेल लावतो. हे करडईचं होतं, घाण्याचं, उग्र.

मी स्वतःलाच सकाळपासूनचं सगळं विचारलं. मी लावलं होतं का? नाही. आत्यांनी जाताना? त्या पहाटेच गेल्या, तो झोपलेला होता. रणधीर? त्याला टाळू कुठं असते ते तरी माहीत आहे का. मग गाडीचं तेल उडालं असेल? ते काळं असतं. मी पुसायला फडकं घेतलं आणि हात थांबला. टाळूवर घातलेलं तेल कधी पुसत नाहीत.

संध्याकाळी आत्या अंगारा घेऊन आल्या. पोराच्या डोक्याला हात लावला आणि त्यांचं तोंड उजळलं. कुणाच्या घरी गेली होतीस म्हणून विचारलं. मी म्हणाले, एका वस्तीवर, खवा द्यायला. घरात कुणी नव्हतं, हे सांगायला तोंड उघडलं, पण त्या बोलतच होत्या. आमच्याकडं रीत आहे, बाळ पहिल्यांदा कुणाच्या घरी गेलं की त्या घरच्या बाईनं त्याच्या टाळूवर तेल घालायचं. हल्ली कोण करतं हे, आत्या म्हणाल्या. चहा विचारत नाहीत माणसं. ही कुणीतरी जुन्या वळणाची, घरंदाज बाई दिसतीय.

"आत्या, तिथं कुणी नव्हतं," मी म्हणाले.

"नसंल बाहेर. आत असंल की," त्या म्हणाल्या. "तेल का आपोआप येतंय?"

मग त्या म्हणाल्या की पुढच्या रविवारी रुद्रेशचं उष्टावण आहे, मामा पहिला घास भरवणार, माणसं जमणार. जिनं टाळू भरली तिला सांगितलं नाही तर आपल्याला कुणी माणसात धरणार नाही. आवतण द्यायचं, आणि तूच द्यायचं, आई आहेस.

६

मी परत त्या वस्तीवर जाणार नव्हते. फोनवरची ती ऑर्डर मला सापडली नाही. रुद्रेश फोन हातात घेऊन काहीही दाबतो, त्यानं पुसली असेल.

आत्या रोज विचारायच्या, सांगितलंस का. मी उद्या म्हणायचे. तिसऱ्या का चौथ्या दिवशी त्या म्हाळसाबाईंसमोरच म्हणाल्या, आमच्या सुनेला गाडी येती, पण चार शब्द बोलायला येत न्हाईत. म्हाळसाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मला ते लागलं.

आणि नुसतं तेवढंच नव्हतं. गोधडीखालचं ते लाल तोंड मला आठवायचं. कुणीतरी मला मागं वळवलं होतं. कुणीही असो, तिचे उपकार होते. तिला उष्टावणाला न बोलावणं हे माझ्याच मनाला बरं वाटत नव्हतं. आपल्यात असं करत नाहीत.

दुपारी रिकामे डबे घेऊन परत येताना मी बाभळीखाली गाडी थांबवली. कानात कडी वाजत होती, कर्र, कर्र. मला वेड्यासारखं वाटत होतं, पण त्यात मजाही होती, शाळेत बाईंच्या खुर्चीवर बसल्यासारखी. मी माईक तोंडाजवळ घेतला आणि म्हणाले, "बाई, रविवारी आमच्या रुद्रेशचं उष्टावण हाय. घरचंच हाय, तुमी या."

पाळणा थांबला.

थांबला म्हणजे हळूहळू नाही. हातानं धरून थांबवावा तसा. मग भांडी आवरल्याचे आवाज आले. रविवारपर्यंत ती बाई मला एकही वळण बोलली नाही. मी फोन बदलून बघितला, स्पीकर काढून परत बसवले. रणधीर म्हणाला, बिघडलं असंल, आणि हेल्मेट बाहेरच्या खोलीत खुंटीला अडकवून ठेवलं.

७

रविवारी घर भरलं. माझा भाऊ शंभू परंड्याहून आला, चांदीची वाटी घेऊन. म्हाळसाबाई, शेजारच्या दोघी-तिघी, रणधीरची चुलती. मधल्या खोलीत पाट मांडला, भोवती रांगोळी. रुद्रेशला कुंची घातली तेव्हा मला इतकं भरून आलं की मी पाणी आणायच्या निमित्तानं बाहेरच्या खोलीत आले.

खुंटीवरच्या हेल्मेटमधनं बारीक आवाज येत होता.

मॅप लावलेला नव्हता. माझा फोन आत रणधीरच्या हातात होता, तो त्यावर व्हिडिओ काढत होता. मी कान जवळ नेला. ती म्हणाली, "पांदीतून बाहेर या. डावीकडे वळा." जरा वेळानं, "सरळ जा." मला कळेना, मी तर घरात उभी आहे, ही कुणाला सांगतीय. मग ती म्हणाली, "एस.टी. स्टँडनंतर पाण्याच्या टाकीपासून उजवीकडे वळा." टाकीपासून उजवीकडं आमची गल्ली आहे.

मी हेल्मेट डोक्यात घातलं. मागं आता खोली नव्हती. चूल नाही, कडी नाही. जोंधळ्याची पानं एकमेकांना घासत होती, आणि कुणीतरी चालत होतं. पायांतली जोडवी खड्यांवर वाजत होती. झपाझप चाल, कार्याला उशीर झालेल्या बाईची.

आतून आत्यांनी हाक मारली, शंभू घास भरवतोय, ये लवकर. मला कळत होतं की वेळ नाही. ती इथं पोचायला नको एवढंच माझ्या डोक्यात होतं. पण दिलेलं आवतण परत कसं घ्यायचं? येऊ नका असं कसं म्हणायचं? कार्य मोडायला एकच कारण चालतं. मी माईक तोंडाशी धरला आणि म्हणाले, "बाई, येऊ नका. आमच्यात सुतक पडलंय. उष्टावण मोडलं."

पावलं थांबली. मला वाटलं, जमलं.

"कोण गेलं?" ती म्हणाली.

रस्ता सांगायच्या आवाजात नाही. शेजारची बाई भिंतीपलीकडून विचारते तशी, हळू आवाजात. आणि मला नाव द्यायचं होतं. आत सगळी माझीच माणसं बसलेली. रणधीरचं नाव जिभेवर येईना. आत्यांचं येईना. शंभूचं कसं घेऊ. पोराचं तर मनातही आणलं नाही. मग राहिलं कोण.

"त्याची आई," मी म्हणाले.

तेव्हा मला माझी चूक कळली. कार्याला आवतण लागतं. पण घरात कुणी गेलं तर माणसं आपली आपली निघतात, आणि त्यात लहान लेकरू मागं राहिलं असेल तर पळत येतात.

"मग लेकराजवळ कोण हाय?" ती म्हणाली, आणि जोडवी जोरात वाजायला लागली.

८

मी हेल्मेट फेकलं आणि मधल्या खोलीत गेले. आत्या पाटाजवळ बसून भाताची शितं वेचत होत्या. मांडी रिकामी. शंभू हात धूत होता.

"रुद्रेश कुठाय?"

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. आत्या म्हणाल्या, "असं काय करतीस? आत्ता तूच घेतलंस की माझ्याकडनं. घास भरवलास आणि पाळण्यात टाकलंस."

मी म्हणाले, मी बाहेर होते. म्हाळसाबाई हसून म्हणाल्या, पोरगी दमलीय, कालपासून पायावर उभी आहे. रणधीरनं फोन माझ्यापुढं धरला. त्यावर आत्यांची मांडी होती, रुद्रेशला उचलणारे दोन हात होते, हिरवा चुडा भरलेले. माझ्याही हातांत तसाच चुडा होता. वर तोंड दिसत नव्हतं.

पाळण्यात रुद्रेश झोपला होता. मी त्याला उचललं. मानेवरचा तीळ जागेवर. डाव्या कानाची मुडपलेली पाळी जागेवर. टाळू बघितली तर ती हलत होती, लपलप. त्याला करडईच्या तेलाचा वास येत होता. तो जागा झाला, माझ्याकडं शहाण्यासारखा बघत राहिला. रडला नाही, हसला नाही. मी कोपऱ्यात जाऊन त्याला पदराखाली घेतलं. त्यानं तोंड लावलं, पण मला पान्हा फुटेना. असं कधीच झालं नव्हतं. नुसता तो जवळ आला तरी माझी चोळी भिजायची. आता काहीच नाही. त्यानं तोंड फिरवलं, आणि मला वाटलं, पोट भरलंय याचं. किंवा, ह्याला माहीत आहे.

आत्या म्हणाल्या, ताण आला की असं होतं, पाणी पी. त्यांचं खरं असेल. मी खूप वेळ स्वतःला सांगितलं की त्यांचं खरं आहे. तीळ तोच, कान तोच, दुसरं काय बघायचं असतं? पाणी प्यायला म्हणून पोराला आत्यांकडं देऊन मी बाहेरच्या खोलीत आले. जमिनीवर पडलेल्या हेल्मेटमधनं कडी वाजत होती, कर्र, कर्र. ती बाई आपल्या घरी पोचली होती.

आणि त्या कडीच्या तालावर एक मूल रडत होतं.

आईला आपल्या पोराचं रडणं हजारात कळतं. आधी बारीक कण्हणं, मग श्वास अडकणं, मग मोठा टाहो, हे माझ्या रुद्रेशचं आहे. ते ऐकलं आणि माझी चोळी दोन्हीकडनं भिजली. पदर भिजला. धार पोटावर आली. अंगाला खोटं कळत नाही. डोळ्यांना फसवता येतं, व्हिडिओला फसवता येतं, पण हे कसं फसेल?

मी हेल्मेट घातलं, पट्टा लावला. आता रडणं दोन्ही कानांत होतं, अगदी जवळ, डोक्याच्या आत. मी बाहेर येऊन गाडीला किक मारली. मला भीती वाटत नव्हती. हातपाय हलके झाले होते, कधी एकदा निघते असं झालं होतं. मला रस्ता माहीत होता.

सगळे दारात आले. आत्या पायरीवर आल्या, त्यांच्या कडेवर ते पोरगं. त्यांचे ओठ मला वाचता येत होते. पोराला टाकून कुठं निघालीस.

"पोरालाच आणायला," मी म्हणाले.

ते पोरगं माझ्याकडं दोन्ही हात करून झेपावत होतं. त्याचं तोंड उघडं होतं, डोळ्यांतनं पाणी गळत होतं, छाती खालीवर होत होती. काचेतनं मला सगळं दिसत होतं. पण त्याचा आवाज काही केल्या माझ्यापर्यंत येत नव्हता. कानात दुसरं रडत होतं.

"सरळ जा," ती म्हणाली.

मी गिअर टाकला.